पाण्याचे वार

४ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसता हं-हं करतोस आणि मागे चार माणसं बोलत असतात, म्हणून पत्र लिहायला घेतलं. तू निवडून आलास याचा मला आनंद झाला, हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी भांडणार आहे. आई असती तर आपलं शेंडेफळ आता सभागृहात बसतं, हे तिने सगळ्या गल्लीला ऐकवलं असतं. मी फक्त तलावावर सांगितलं.

इथलं ठीक. मी अजून गळ्यात शिट्टी घालून पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी असते आणि माझी पाठ वळली की पोरं अजून ओल्या फरशीवरून धावतात. पंपवाले दादा गाळणीशी झगडत असतात. तिकीट खिडकीवरची माझी मैत्रीण डबा उघडला की मला हाक मारते. घरात मी एकटी, पण जेवण काही एकटीने होत नाही.

आता भांडण. तुमचा पक्ष म्हणे सार्वजनिक जागांचे वार वाटून देणारा कायदा आणतोय. आपल्या धर्माच्या लोकांनी या वारी यायचं, त्यांच्या धर्माच्या लोकांनी त्या वारी. तलाव, वाचनालय, बाग, सगळीकडे. आमच्या गावात तर कायद्याआधीच करून बघणार आहेत. पंपवाले दादा त्यांच्यातले. त्यांनी मला विचारलं, की बाई, मग पंप मी कोणत्या वारी चालवायचा? मी हसले. ते हसले नाहीत. खरं काय ते तू कळव.

माया होती तेवढीच आहे. पद मिळालं म्हणून वाढवलेली नाही.

ताई


१३ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तू उगाच राईचा पर्वत करतेस. कुणाला तलावावरून हाकललेलं नाही. पाणी तेच, तास तेवढेच, फक्त वार वेगळे. आमचे नेते म्हणतात, की भांड्याला भांडं लागलं की आवाज होणारच, वेगवेगळी ठेवली की घर शांत. शिवाय प्रचारात आपल्या धर्मसभेच्या लोकांनी माझ्यासाठी दारोदार पाय झिजवलेत. त्यांना शब्द दिलाय. राजकारणात सगळंच आपल्या मनासारखं होत नाही, ताई.

इथे मला खोली मिळालीय. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. दिवसभर माणसांच्या गराड्यात असतो आणि संध्याकाळी ताटावर बसलं की बोलायला कुणी नसतं. तू हसशील, पण मी रेडिओ लावून जेवतो.

तलावावर कुणाशी वाद घालू नकोस. आता माझी बहीण म्हणून लोक तुझ्याकडे बघतात. लोभ असू दे, राग थोडा कमी कर.

तुझा टिल्लू


२ एप्रिल

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुझ्या कानावर आलंच असेल, पण आता माझ्याकडून ऐक.

फाटकावर वारांची पाटी लागली. त्यांच्या वारानंतर पाणी बदलायचा हुकूम निघाला, आपल्या वारानंतर नाही. पाणी तेच, असं लिहिलं होतंस ना? पंपवाले दादांना कचऱ्याच्या गाड्यांवर पाठवलं.

माझ्याकडे दोन मैत्रिणी पोहायला शिकत होत्या. एक आपल्यातली, एक त्यांच्यातली, दोघी सात-आठ वर्षांच्या. एकीने उडी मारल्याशिवाय दुसरी मारायची नाही. शनिवारी आपला वार होता. त्यांच्यातली पोर खांद्यावर टॉवेल टाकून फाटकाशी उभी राहिली. मैत्रीण आत, ही बाहेर. मी तिला आत घेतलं. विसरून नव्हे, पाटी वाचून घेतलं.

ती तलावाच्या मधोमध पोचली असेल, तेवढ्यात धर्मसभेची माणसं आली. त्यांनी आरडाओरडा केला नाही रे, तेच मला अजून सोसवत नाही. आवाज न चढवता म्हणाले, की सगळ्यांनी पाण्यातून बाहेर यावं, पाणी बाटलंय. आणि सगळे बाहेर आले. आयांनी पोरांना दंडाला धरून ओढलं. तिची मैत्रीण रडत गेली, पण गेली. बघता बघता एवढा मोठा तलाव रिकामा झाला आणि मध्ये ती एकटी. पोहता येत होतं तिला. पण चारी काठांवर माणसं तिच्याकडे बघत उभी, कोणत्या काठाला जावं तेच तिला कळेना. हात थांबले. ती खाली जायला लागली.

मी कपड्यांसकट उडी मारली. बाहेर काढल्यावर ती मला एकच विचारत होती, की माझं काय चुकलं, पाय तर मी नीट मारत होते. टॉवेल पुढे करायला एकही हात आला नाही. माझी मैत्रीण तिकीट खिडकी लावून आत बसली होती.

पोर बरी आहे. मला निलंबित केलंय. तू मात्र जेवत जा वेळेवर. हक्काने रागावता येईल असा आता तूच उरलास.

ताई


८ एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय. नेत्यांनी बोलावलं होतं. चहा दिला, तुझी चौकशी केली आणि म्हणाले, की ज्याला घरातलं माणूस आवरत नाही, तो मतदारसंघ काय सांभाळणार.

सोबत माफीनामा आहे, चार ओळींचा. सही केलीस की नोकरी परत, असा त्यांचा शब्द आहे. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. मुलगी वाचली, फार बरं झालं. पण भिंतीवर डोकं आपटलं तर भिंत फुटत नाही, ताई. माझ्यासाठी सही कर.

टिल्लू


१५ एप्रिल

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

माफीनामा परत पाठवतेय. सही केलेली नाही. शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या सुधारल्यात, पक्षाच्या उपयोगी पडतील.

घरी बसायची सवय नाही मला. जिन्यात भेटणाऱ्या बायकांचे गुडघे अचानक दुखायला लागतात, मी पुढे निघून जावं म्हणून. वाणी सामान देतो, पण थट्टा करत नाही. पंपवाले दादा रस्त्यात दिसले की पलीकडच्या कडेला जातात. मला वाटलं, तेही रागावले. मग एकदा त्यांनी लांबूनच मान हलवली, तेव्हा उमगलं. त्यांच्यामुळे मला आणखी त्रास नको, म्हणून ते तिकडून चालतात. एवढा चांगुलपणा, आणि तोही रस्त्याच्या पलीकडून.

काल दिवसभरात तोंडातून शब्द निघाला नाही. संध्याकाळी दूधवाल्याला नको म्हणाले, तर माझाच आवाज मला परका वाटला.

कायद्यावर मत कोणत्या बाजूने दे, हे मी सांगणार नाही. तुला लहानाचं मोठं केलं ते सांगकाम्या व्हावास म्हणून नव्हे. जे करशील ते कर, पत्र मात्र पाठव.

ताई


३ मे

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

कायदा मंजूर झाला.

सभापतींनी कायद्याच्या बाजूच्या लोकांना हात वर करायला सांगितलं. माझ्या पुढेमागे हातच हात. माझा बाकावरच राहिला. काही ठरवून गेलो नव्हतो, खोटं कशाला सांगू. हात उचल, उचल, असं मनाला बजावत होतो आणि डोळ्यांपुढे तो रिकामा होणारा तलाव येत होता. मग सभापती म्हणाले, की विरोधात असतील त्यांनी उभं राहावं. समोरच्या बाकांवरचे थोडेच उठले. आमच्या बाजूने मी एकटा. नेत्यांनी वळूनही पाहिलं नाही.

दुपारी उपाहारगृहात मी टेकलो, तर त्या टेबलावरचे सगळे आपापलं ताट उचलून गेले. कुणी वावगं बोललं नाही. नीट, सभ्यपणे उठले. तुझं तलावाचं पत्र मला तेव्हा कळलं.

पक्षातून काढलंय. माझ्या मताने कुणाचं काही अडलं नाही. मग केलंस कशाला, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. खोली सोडायचीय आणि कुठे जावं सुचत नाही.

घरी येऊ का?

टिल्लू


९ मे

चि. टिल्लूस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

घरी येऊ का, असं विचारतात का रे, वेड्या?

एक बातमी आहे, पण हुरळून जाऊ नकोस. त्या दोघी मैत्रिणींच्या आया माझ्याकडे आल्या होत्या. वेगवेगळ्या रस्त्यांनी आल्या, जिना मात्र बरोबर चढल्या. आपल्यातली म्हणाली, की त्या दिवशी पोरीला ओढून बाहेर काढलं तेव्हापासून पोरगी तिच्याशी धड बोलत नाही. दुसरी म्हणाली, की माझी पाण्याचं नाव काढलं तरी घाबरते, तेवढी भीती काढून द्या.

गावाबाहेर खडीच्या जुन्या खाणीत पाणी साचलंय. जागा खासगी, मालकाची हरकत नाही. तुमच्या कायद्यात खाणीचा वार घालायचा राहून गेलाय. पंपवाले दादांनी बांबू घालून खोली बघितली आणि उथळ भागाला दोर बांधला. तिथे मी शिकवायला घेतलंय, मुलं अगदी थोडी. बाकीच्या घरांनी दारं लावून घेतली. तिकीट खिडकीवरची आली नाही, येईल अशी आशाही मी धरत नाही. रविवारी ती पोर माझं बोट धरून गुडघाभर पाण्यात उभी राहिली, मैत्रिणीकडे बघत. पुढे गेली नाही. मीही ओढलं नाही.

तिथे काठावर सतत एक माणूस लागतो. उद्या कुणी येऊन खाणीभोवती उभं राहिलंच, तर मुलांना पाण्यातून दिसायला हवं, की त्यातला एक तरी आपला आहे, त्या बाजूला जायचं. तुला पोहता येत नाही, ठाऊक आहे मला. पण उभं राहता येतं.

पुढचं पत्र पाठवू नकोस. तूच ये.

ताई