रविवारी घरी येणाऱ्या सत्काराबद्दल

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार

ती. आक्का,

इथूनच वाकून नमस्कार. दाजींनाही सांग. त्यांच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते कळव. (फोनवर तू सांगितलं असशील, पण मी 'हं' म्हणत असतो तेव्हा सगळंच डोक्यात शिरत असतं असं नाही.) इकडे सर्व ठीक आहे. मी जेवतो. तू पहिल्यांदा तेच विचारणार म्हणून आधीच लिहिलं. भाकरी खालच्या मजल्यावरच्या बाई देतात, आमटी मी करतो आणि ती दोन वेळा पुरते, कारण पहिल्या वेळेला फारशी संपत नाही.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. पोस्टातल्या माणसालाही वाटलं. आंतरदेशीय मागितलं तर त्याने चष्म्यावरून बघून विचारलं, "काय पावणं, कुणाला नोटीस काढायची हाय?" कारण असं की घरात एक पुस्तक आहे, मनावरचा ताण कमी कसा करावा याचं. त्यात सातव्या प्रकरणात म्हटलं आहे की जे तोंडाने सांगता येत नाही ते आपल्या माणसाला हाताने लिहावं. पुस्तक माझं नाही, शालनचं आहे. ती होती तोवर ते कायम फ्रीजवर असायचं, म्हणून मी ते पाककृतींचं समजत होतो.

तर झालं असं. गौरी-गणपतीच्या आधी शालन गेली, पण तिचा फोन मी बंद केला नव्हता. रोज चार्जिंगला लावत होतो. लावणारं दुसरं कोणी नाही, म्हणून. वाटलं होतं, सगळ्यांना कळवून झालं की त्याचा आवाज आपोआप थांबेल. नातेवाइकांना कळवलं, भिशीच्या बायकांना कळवलं, तरी रोज सकाळी चहाच्या वेळेला टुंग. शेवटी एक दिवस उघडून बघितला. 'मन हलकं करू' नावाचा एक ग्रुप होता. इचलकरंजीच्या भैरवीताई म्हणून एक समुपदेशक आहेत, त्या तो चालवतात. सगळ्यांनी दर आठवड्याला त्या पुस्तकाचं एक प्रकरण वाचायचं आणि त्यावर बोलायचं. चर्चा व्हावी म्हणून ताई रोज एक प्रश्न टाकतात. माणसं दोनशेच्या वर आहेत, बोलणारी पाच-सहा. (बाकीची माझ्यासारखी असावीत.) आणि त्या पाच-सहांत सगळ्यात पुढे कोण, तर शालन.

आक्का, मी हादरलो. जी बाई सोसायटीच्या मीटिंगला पदर तोंडाला लावून मागच्या ओळीत बसायची, ती इथे दोनशे लोकांपुढे पानंच्या पानं लिहीत होती, आणि लिहीत होती माझ्यावर. एका दिवसाचा प्रश्न होता, 'तुमच्या घरात ताण कुठे राहतो?' कोणी स्वयंपाकघर लिहिलं, कोणी सासूची खोली. शालनने लिहिलं, 'आमच्यात तो आरामखुर्चीत बसतो, पेपर वाचतो आणि चहा दिला की हं म्हणतो.' मी त्याच खुर्चीत बसून हे वाचत होतो. उठलो आणि पलंगावर बसून पुढचं वाचलं.

पुढचं त्याहून भारी. तुला माहीतच आहे, एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून माझी नोकरी स्टँडवर माइकपुढे गेली. दिवसभर गाड्या पुकारून आलेल्या माणसाने घरी येऊन आणखी काय पुकारायचं, अशी माझी समजूत. शालनने ते असं मांडलं होतं: 'ह्यांना फलाट विचारला की लगेच सांगतात. माझं दुखणं कुठल्या फलाटाला लावायचं ते मात्र इतक्या वर्षांत कळलं नाही.' त्याला शंभरावर हसरी तोंडं. त्यात एक डॉक्टर आहे. ग्रुपवर मला नाव पण आहे, कंट्रोलर. आजऱ्याला काजूचा कारखाना चालवणाऱ्या अंबूबाई म्हणून आहेत, त्या रोज विचारणार, आज कंट्रोलर काय बोलले? कागलचे एक पिराजी आहेत, ट्रॅक्टर विकतात, ते म्हणणार, सिग्नल पडला न्हाय अजून. मी घरात पेपर वाचत असताना तीन तालुक्यांत माझी वाट बघत होते लोक, आणि मला पत्ता नाही.

सगळ्यात कडक एक शेवंती नावाची बाई आहे. नाव खरं नसावं, फोटोच्या जागी नुसतं फूल. ही उशिरा आली, शालन दवाखान्यात जायच्या थोडं आधी, पण आल्यापासून माझ्यावरच बसली. 'असली माणसं लहानपणापास्नं मुकी असत्यात. घरात धाकटा असणार. आईनं लाडावून ठेवला असणार.' ओळख ना देख, आणि आमच्या आईवर घसरते. शालननेही त्याला खाली 'बरोबर' लिहिलं होतं. याचं मला जास्त लागलं.

शालन गेल्यापासून तिथे कोणीच बोलत नव्हतं. भैरवीताईंचे प्रश्न एकाखाली एक नुसते पडलेले. 'सातव्या प्रकरणावर कोणी बोलेल का?' 'वाचून झालं असेल तर निदान अंगठा दाखवा.' मग, 'शालूताई, तुम्ही तरी?' त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. कळवणार कोण? ते काम माझं, हे मला समजत होतं. मी फोन हातात घेऊन बसायचो, 'शालन' एवढं लिहायचो आणि पुढचा शब्द यायचा नाही. तो शब्द मी या पत्राआधी कुठेच लिहिलेला नाही, आक्का. पेपरातली बातमीसुद्धा तूच दिली होतीस.

आणि अशात पिराजींचा निरोप पडला: 'शालूताई, मालकानं कोंडून घातलंय का काय तुमास्नी? सांगा, गाडी भरून येतो.' मला राग आला. (मला येतो, दिसत नाही इतकंच.) त्या रागात मी लिहून पाठवलं, 'नाही. ते तसे नाहीत.'

एवढंच. पण ते गेलं शालनच्या नावाने. आणि त्यावर जो गोंधळ उठला तो मी सांगू शकत नाही. ताई आल्या, ताई आल्या. फुलं, हात जोडलेले, फटाके. अंबूबाईंनी तर ग्रामदैवताला नारळ बोलला होता म्हणे. आता एवढ्या माणसांना लगेच दुसऱ्या मिनिटाला काय सांगणार? म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी भैरवीताईंनी विचारलं, 'ताई, कंट्रोलरमध्ये काही फरक?' आता हा प्रश्न सरळ माझ्याच चारित्र्याचा. मी लिहिलं, ते हल्ली भांडी घासतात. (खरं आहे.) स्वतःचे कपडे धुतात. (खरं आहे.) आणि ते माझ्याशी बोलतात. हेही खरं आहे, आक्का. सकाळी चहा ठेवला की फोटोपुढे उभा राहून थोडं सांगतो. पाणी आलं, नाही आलं. स्टँडवर चक्कर मारून येतो, कुठली गाडी उशिरा सुटली तेही सांगतो.

यात मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. गप्प बसलेली माणसं बोलायला लागली. पिराजींनी घरी जाऊन बायकोला विचारलं, तुझं काय दुखतं, तर ती म्हणाली, 'पिऊन आलाय व्हय?' त्यावर दोन दिवस चर्चा. शेवंती तेवढी बधली नाही. तिचं आपलं एकच: 'भांडी घासतो ते ऱ्हाऊ दे. दुपारचा जेवतो का इचार त्याला. भात लावायचा म्हणावं, काय लागतंय त्याला.' दुसऱ्या दिवशी परत, 'लावला का भात?' तिला एवढी काय पडली आहे कळत नाही. लावला मी शेवटी. करपला.

आता मुख्य गोष्ट. काल भैरवीताईंनी जाहीर केलं की पुस्तक वाचून एवढा फरक पडलेलं घर जिल्ह्यात दुसरं नाही, तेव्हा येत्या रविवारी सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटायचं आणि शालूताई व कंट्रोलर यांचा जोडीने सत्कार करायचा. आमच्या घरी. पुस्तक कुरिअरने पाठवलं होतं, त्यामुळे पत्ता त्यांच्याकडे आहे. शाल, श्रीफळ, आणि मला फेटा. बांधणारा माणूस ठरला आहे. पिराजी गाडी घेऊन येणार, म्हणजे ते शेवटी येणारच आहेत. आणि खाली ओळ आहे, 'कंट्रोलर दोन शब्द बोलतील.' ती वाचून मी पाणी प्यायलो.

टाळायचा प्रयत्न केला. लिहिलं, तब्येत बरी नाही. लगेच उत्तर, मग तर बघायला यायलाच पाहिजे. लिहिलं, घरात पाहुणे आहेत. अंबूबाई म्हणाल्या, पावण्यांनाबी काजू आणते, किती हायत? मला कोणी पाहुणे नाहीत गं आक्का. तू गडहिंग्लजला परत गेल्यापासून दारावरची बेल फक्त दूधवाला वाजवतो.

काल शालनच्या फोटोवरचा हार काढून बघितला. म्हटलं, नुसता फोटो असला तर निदान दारातल्या दारात कोणाला कळणार नाही. थोडा वेळ तसा ठेवला. मग ती नुसतीच भिंतीवरून बघतेय असं दिसायला लागलं आणि मी परत घातला.

मग शालन कोणाला नाही म्हणायची तर कसं म्हणायची, ते बघायला तिचे जुने निरोप वर वर काढत गेलो. नकार एकही सापडला नाही. भलतंच सापडलं. प्रश्न होता, 'कुठला आवाज ऐकला की तुमचं मन शांत होतं?' लोकांनी देवळाची घंटा लिहिली होती, नदी लिहिली होती. शालनने लिहिलं होतं, 'माहेरी चंदगडला जाताना स्टँडवर पिशवी घेऊन बसायचे. गाडी लागली की ह्यांचा आवाज यायचा. ती गाडी मी सोडायचे. पुढच्या गाडीला परत आवाज यायचा, मग त्या गाडीत बसायचे. ह्यांना माहीत नाही मी बाहेर बसलेली असायचे ते.' खाली शेवंतीने लिहिलं होतं, 'बरं.' एवढंच.

आक्का, ती चंदगडला कधी वेळेत पोचली नाही. तिचा भाऊ मला दरवेळी बोलायचा, तुमच्या गाड्यांचा काही नेम नाही. त्यावरून मी एकदा डेपोत ड्रायव्हरशी भांडलो होतो. त्या बिचाऱ्याने गाडी वेळेवरच सोडली होती.

असो. कळवायचं म्हणून कळवलं. माझं तुझ्याकडे काही मागणं नाही, काळजी करू नकोस. रविवारचं मी बघतो. लाइट बंद करून आत बसलो तर घरी कोणी नाही असं समजून जातील, असा एक विचार आहे.

तुझा,
गुरुप्रसाद

ता. क. पत्र चिकटवायच्या आधी, त्या शेवंतीचं बोलणं तुला जसंच्या तसं कळावं म्हणून ग्रुप परत उघडला. आज सकाळी तिने फोटो टाकला आहे: सातवं प्रकरण उघडं ठेवलंय, शेजारी ताटात पोहे. ताटाच्या काठावर नाव घातलेलं दिसलं म्हणून फोटो मोठा केला. 'सौ. शालन व गुरुप्रसाद, वास्तुशांत.' आमच्या वास्तुशांतीला सगळ्यांना वाट्या दिल्या होत्या. ताट एकच घेतलं होतं, ते तुला.

शालनच्या फोनवर तुझ्या नावापुढे जुना नंबर आहे, शेवंतीचा नंबर म्हणजे तुझा नवा हे लक्षातच आलं नाही. तुला तिनेच आत घेतलं असणार. पण आक्का, तेराव्याला तू इथे होतीस. हार तूच घातलास. शालूताई आल्या म्हणून लोक नाचत होते, तेव्हा कोण आलंय हे दोनशे माणसांत एकट्या तुला माहीत होतं. आणि तू काय केलंस, तर भात लावला का विचारलंस.

ता. क. २. मागणं नाही असं वर लिहिलं आहे ते खोडत नाही, कागद खराब दिसतो. पण रविवारी ये. दार तू उघड. त्यांना आत घे, फोटो दिसेल अशा बाजूला बसव आणि पाणी दे. पुढचं मी सांगतो. स्टँडवर रद्द झालेल्या गाड्यांची घोषणा मीच करायचो. लोक पिशव्या घेऊन खिडकीपाशी यायचे, ओरडायचे, आणि तरी ते एकदा स्वच्छ सांगावंच लागायचं. ही एक मला करता येईल असं वाटतं. फक्त शेजारी कोणी तरी उभं पाहिजे. फेट्याचं तू त्यांना सांग.

ता. क. ३. गुडघ्यामुळे दाजी सोडणार नाहीत वगैरे काही सांगू नकोस. ग्रुपवरचं तिसरं प्रकरण तू येण्याच्या आधीचं आहे, तुला ते दिसत नाही. त्यात प्रश्न होता, 'सासरचं कोणतं माणूस आलं की तुमचा ताण वाढतो?' शालनने नणंदेवर बरंच लिहिलं आहे. पिराजी अजून त्यावर हसतात. आलीस की वाचून दाखवतो, पत्रात लिहिणार नाही. गडहिंग्लजची सकाळची पहिली गाडी इथे फलाट क्रमांक चारला लागते. मी तिथेच उभा असेन.