मिनूचा कूलर

१८ एप्रिल २०१६, सोम. अकोला
मिनूचा संगणक दुपारी पुन्हा बंद पडला. पुलांची चित्रं करते ती, पुण्याच्या ऑफिससाठी. तिची आई गेल्यापासून इथूनच, माझ्या सोबतीला म्हणून. सात मेपर्यंत काम नाही गेलं तर पुण्याला परत या, असं साहेबांनी कळवलंय. गच्चीवरच्या खोलीत भिंतीला हात लावता येत नाही, तिथे मशीन काय तग धरणार! "बाबा, याले पाण्याचा कूलर लागते," म्हणाली. मनात ठेवलं.

२० बुध.
फजिती. जठारपेठेतून कूलर आणला. लोखंडी, वाळ्याच्या ताट्यांचा, कमरेएवढा. हातगाडीवरून उतरवताना मिनू जिन्यात. "बाबा, हे काय?" "तूच म्हटलं ना." अकोल्यात कूलर म्हटल्यावर माणूस दुसरं काय आणणार. तिचा कूलर म्हणे तळहाताएवढा. संगणकाच्या मेंदूवर बसतो, नळ्यांतून पाणी फिरतं. सांगता सांगता पायरीवरच बसली हसत. आई गेल्यानंतर इतकी हसलेली आजच पाहिली. परत करायचं मनात आलं नाही.

२२ शुक्र.
दोन प्रकार दाखवले तिने पडद्यावर. एक मोकळा: काचेसारख्या नळ्या, आपण भरायचं निळं पाणी. दुसरा सीलबंद, काळा, आतलं काही दिसत नाही. माझा जीव निळ्यावर. वर्गात ओढ्याची कविता आली की खडू हातात धरून खिडकीबाहेर पाहत राहायचो, तसंच झालं. मिनू: "हे गळलं तं माये पूल बुडतीन, बाबा." तरी मी निळ्याचीच बाजू घेतली.

२५ सोम.
रशीदकडे गेलो. जुना विद्यार्थी, जीपचे रेडिएटर दुरुस्त करतो. यंदा कापूस गेला, दर्यापूरच्या जीपाही रिकाम्या धावतात. तोही रिकामाच होता. सगळं ऐकलं त्याने.
"सर, तुमी अजून कवितेतच हा. सीलबंद घ्या. मोकळ्याचं पाणी बदला, नळ्या धुवा, कोन करीन?"
मग हळूच, "कूलरची जाळी पाण्याची गरमी खोलीतच सोडते. खोलीच भट्टी असली तं कोनताही घ्या, उपेग नाही. मशीन खाली आना."
खाली गार खोली एकच. हिची, मिनूच्या आईची.

२८ गुरु.
सकाळी हिची खोली रिकामी केली. पलंग मधल्या घरात. मिनू दारातच उभी. "राहू द्या बाबा, मी वरच बसते." मी ऐकलं नाही. कपाट मात्र तसंच ठेवलं, उघडलं नाही दोघांनीही.
मग अमरावती. दुकानदार: "संगणकाची पेटी मोजली का, काका?" मोजली होती, शाळेच्या फूटपट्टीने. दोन पंख्यांची जाळी बसत नव्हती, एका पंख्याची घेतली. सीलबंद. येताना बसभर खोका मांडीवर.

१ मे, रवि.
रशीद स्वतः आला, मिनू सांगेल तसे स्क्रू पिळून गेला. मोठा कूलर दारात, मागची खिडकी उघडी. जाताना रशीद: "ओली हवा मशीनवर सरळ नोका सोडू." बारा वाजले, दोन, चार. संगणक बंद पडला नाही. नळ येऊन सहा दिवस झाले. आंघोळीचं पाणी कूलरला दिलं. माझी आंघोळ उद्या.

६ शुक्र.
काम पुण्याला गेलं, एक दिवस आधीच. मिनूने शिरा केला. साखर जास्त.

७ शनि.
पुण्याचा फोन. काम आवडलं त्यांना. आता मोठा पूल आहे, पण तो तिथेच बसून करायचा, येता का. मिनू म्हणाली, "सांगते उद्या."
मशीनचं निमित्त संपलं. आता राहणं-जाणं तिच्या मनावर, आणि ती मला विचारणार. शिकवायच्या आधी कविता घरी मोठ्याने म्हणून पाहायचो, तशी दोन्ही उत्तरं म्हणून पाहिली. 'जा बेटा' नीट येतं. 'राहा' म्हणताना
हाक मारून राहिली ती. जातो.