बेंबी सरकली म्हणून

आबा,

आज सकाळच्या गाडीने पुण्याहून पेनिसिलिनच्या आणखी सहा बाटल्या आल्या, बर्फात डबा आणि भोवती लाकडाचा भुसा. बाटल्यांना तुम्ही केलेल्या पाटल्यांपैकी एक गेली, बर्फाला सव्वा रुपया. दर तीन तासांनी सुई. यांचा ताप पाच आठवड्यांनी काल पहिल्यांदा उतरला.

यांच्याही पोटात बेंबीच्या वर तुमच्यासारखंच उडतं. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी पोटातून खाली जाते. तिच्या भिंतीत जंतू बसले, भिंत मऊ पडून फुगली. म्हणाले, "बाई, पोट चोळायचं नाही. दाबलं तर फुटेल." मी मान हलवली, आणि मला तुमची खाट दिसली.

तुमच्या दुखण्यासाठी मी माहेरी आले होते. महिनाभर ताप हटत नव्हता. आई दोन दिवस बेडशाला मामांकडे गेलेली. ओल्या फडक्याने अंग पुसताना ते उडणं माझ्या हाताला लागलं आणि मी ठरवूनच टाकलं, बेंबी सरकली. भाजे गावच्या पोट चोळणाऱ्या मावशीला निरोप धाडला. अर्ध्या लोणावळ्याच्या बेंब्या तीच बसवायची. तुम्ही म्हणता, "मॅट्रिक झालीस ना गं? माझे फीचे पैसे परत कर." मग माझं तोंड बघून सदरा वर करता. मावशी तेलाचा हात फिरवते. "लय सरकलीया, भाऊ. हाताखाली नुस्ती उड्या मारतीया." तुम्ही दात आवळून हसता. तिसऱ्या दिवशी पाठीत कळ आली, आणि मी पाण्याचं भांडं घेऊन येईतो तुम्ही गेलात.

परवा सासूबाई म्हणाल्या, "त्या मावशीची सून चोळते म्हणे. बोलाव." मी म्हटलं, "ती आली तर मी उंबऱ्यात आडवी बसेन." इतक्या वर्षांत त्यांना उलट बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, "बस हो. आधी भात उतरव, करपतोय."

डॉक्टरांना तुमचं सांगितलं. म्हणाले, न चोळताही बहुधा तेच झालं असतं, तेव्हा औषधच नव्हतं. यांची भिंत टिकेल का, तेही ते सांगत नाहीत. देवापुढे रोज यांच्यासाठी मागते. तुमचं विचारायला जीभ उचलत नाही.

आई अजून म्हणते, "त्यांनीच हट्टाने बोलावली ती बाई." तसं तिला मीच सांगितलं होतं, तुमचे दिवस व्हायच्या आत, आणि ती आजवर तुमच्यावर रागावते. तिला खरं सांगू का, तेवढं उलट टपाली कळवा.