तुम्ही केलेली माझी तयारी

आबा,

आज दुपारी समोरच्या घरातली मुलगी आली होती. तिला मेडिकल कॉलेजात जागा मिळालीय, आठवड्याभरात निघायचंय, आणि सोबत काय काय न्यावं हे तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. मी सांगत गेले. सुती कपडे जास्त घे, पांढरे घे. चपला नकोत, बंद बूट घे, तिथल्या फरशीवर काय सांडलेलं असेल ते सांगता येत नाही. केस आवळून बांधायची सवय आत्तापासूनच लाव. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाई, तुमच्या वेळी तर किती अवघड असेल. तुमची तयारी कोणी करून दिली?" मी म्हटलं, "वडिलांनी." तिचे डोळे भरून आले. "त्या काळात असे वडील!" म्हणाली. मी तिला फाटकापर्यंत सोडलं आणि आत येऊन तिची कपबशी इतक्या जोरात मोरीत टाकली की कपाचा कान तुटला. या वयातही तुमचं कौतुक ऐकलं की माझं असं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी भांडायचं राहिलंय ते राहिलंच आहे. म्हणून लिहायला बसले.

तयारी तुम्ही केलीत, यात खोटं काही नाही. गेवराईच्या कचेरीत तुम्ही पेशकार होतात, तहसीलदारापुढे कागद वाचून दाखवणारे. कुणब्याच्या घरातून उर्दू शिकून तिथवर पोचलेले आपल्यातले पहिलेच. हैदराबादच्या डॉक्टरी शाळेत मुली घेतात हे तुम्हाला कचेरीतच कळलं आणि त्या दिवसापासून तुम्ही झपाटल्यासारखे झालात. संध्याकाळी आलात की डोईचा रुमाल खुंटीला लावून मला चुलीपाशी बसवायचात. आत्या भाकरी थापायची आणि तिच्या शेजारी बसून मी उर्दूचं अलिफ-बे गिरवायची. इंग्रजीसाठी तुम्ही म्हाताऱ्या मास्तरांना घरी आणलंत. मोच्याकडून माझ्या मापाचे बूट करून घेतलेत आणि ते घालून मला अंगणात चालायला लावलंत, तेव्हा गल्लीतल्या बायका भिंतीवरून बघून हसत होत्या. माझ्या बरोबरीच्या पोरी लेकुरवाळ्या झाल्या होत्या. मला आलेली स्थळं तुम्ही दारातूनच परत पाठवलीत. एकदा तर खाटकाकडून बोकडाचं काळीज आणि गुर्दे आणलेत, परातीत घालून माझ्यापुढे ठेवलेत आणि हातात सुरी दिलीत. "काप. आतून कसं हाय ते बग." आत्या ओरडली, "दादा, ही चूल हाय, खाटकाचं दुकान न्हाई!" मी मान फिरवली. तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड परातीकडे वळवलंत. "कावून तोंड फिरवायलीस? डागदराला तोंड फिरवून चालत न्हाई."

मी कापलं. हात बरबटले, परात रक्तानं भरली, तरी कापलं. तुम्हाला वाटलं पोर धीट झाली. मी मात्र दात आवळून एकच गोष्ट आठवत होते, की त्या दिवशी तोंड कोणी फिरवलं होतं.

मी बारा वर्षांची आहे. माय अडली आहे. सुईण सकाळपासून घामाघूम झाली आहे आणि शेवटी तीच बाहेर येऊन तुम्हाला सांगते, मूल आडवं हाय, आता माझ्या हातातलं राहिलं न्हाई, दवाखान्यातल्या डागदराला बोलवा. कोणीतरी पळत जातं. डॉक्टर येतात. सरकारी दवाखान्यातले, उंच, दाढीत थोडे पांढरे केस असलेले. हातात कातडी पेटी आहे. तुम्ही उंबऱ्यात उभे राहता. "बाहेरून काय औषध द्यायचं ते द्या, साहेब. आत परक्या गड्याचं काम न्हाई." डॉक्टर म्हणतात, "पेशकारसाब, बाहर से कुछ नहीं होता. मेरे को देखना पड़ेगा." तुम्ही हलत नाही. डॉक्टर ओसरीवर बसून राहतात, पेटी मांडीवर घेऊन. मी गरम पाण्याची चरवी घेऊन आतबाहेर करतेय. माय माझं मनगट धरते. तिचा हात गार पडलाय. "तुज्या आबाला सांग, मला काई लाज-बीज न्हाई. येऊ दे म्हनावं त्या डागदराला." मी बाहेर येऊन तुम्हाला तसंच्या तसं सांगते. तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. अंगणाकडे तोंड करून म्हणता, "तिला कळंना झालंय. आत जा." मी जाते, आणि मायनं पुन्हा पाठवलं म्हणून पुन्हा येते. या वेळी तुम्ही हात उगारता. ऊन ओसरीवरून खाली उतरलं तरी डॉक्टर बसूनच होते. आतून सुईणीचं रडणं ऐकू आलं तेव्हा ते उठले आणि पेटी घेऊन निघून गेले. माय गेली. तिच्या पोटातला माझा भाऊ की बहीण, तेही गेलं. काय होतं ते मला कोणी सांगितलं नाही.

त्यावर तुम्ही घरात कधी एक शब्द काढला नाहीत. तेवढंच असतं तर मी सोसलं असतं. माणसाला काही गोष्टी बोलता येत नाहीत, हे मी पुढे दवाखान्यात रोज बघितलं. पण तुम्ही बोललात. चारचौघांत उभे राहून बोललात, आणि खोटं बोललात.

माझी जागा पक्की झाल्याचं कळलं तेव्हा मारुतीच्या देवळापुढे माणसं जमली. खुद्द तहसीलदार आले. तुमच्या गळ्यात हार पडला आणि तुम्ही बोलायला उठलात. "माझी कारभारीण बाळंतपनात गेली. आपल्या गावात बाई डागदर न्हवती, म्हणून गेली. दुसऱ्या कुनाच्या घरी असं होऊ नये म्हणून मी माझी लेक धाडायलोय." तुमचा आवाज कापत होता. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गावात बाई डॉक्टर नव्हती हे खरं आहे, आबा. पण डॉक्टर होता. आपल्या ओसरीवर होता, हाक मारली की ऐकू येईल इतक्या जवळ. सुईण त्या गर्दीत बसली होती. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती मान खाली घालून मातीत बोटानं रेघा ओढत होती. मला उठून ओरडावंसं वाटलं. उठले असते तर बूट, मास्तर, हैदराबाद सगळं तिथंच संपलं असतं, आणि मला जायचं होतं. तुमच्यापेक्षाही जास्त जायचं होतं. तुम्ही मला अशा जागी आणून बसवलं होतंत की माझ्या मायच्या मरणाबद्दलचं खोटं गिळल्याशिवाय मला डॉक्टर होता येणार नव्हतं. त्या दिवशीचा हार तुम्ही घरी आणून देव्हाऱ्यात ठेवलात. तो वाळून गळेपर्यंत मी देवापुढे गेले नाही.

मग दाखल्याचा दिवस आला. प्रकृती धड आहे आणि देवीची लस टोचली आहे, असं सरकारी डॉक्टरकडून लिहून आणायला शाळेनं सांगितलं होतं. गेवराईचा दवाखाना तेव्हा डॉक्टरवाचून होता, म्हणून आपण छकडा जुंपून बीडला गेलो. तुम्ही रस्ताभर मला इंग्रजी शब्द विचारत होतात. दवाखान्यात शिरलो आणि समोर खुर्चीवर तेच बसले होते. बदली होऊन बीडला आले होते, दाढी पुरती पिकली होती. तुम्ही दारातच थबकलात. मला वाटलं, परत फिरणार. पण तुम्ही सलाम करून आत गेलात आणि अर्ज पुढे ठेवलात.

डॉक्टरांनी अर्ज वाचला. मग तुम्हाला न विचारता मला विचारलं, "बेटी, हाथ देखूँ?" मी हो म्हटलं. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, दंडावर लस टोचली. तुम्ही आपण होऊन सुरू केलंत. "डॉक्टरसाब, इसकी माँ जचकी में गयी. गाँव में लेडी डॉक्टर नहीं थी, इस वास्ते..." डॉक्टर दाखला लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही. "पेशकारसाब," ते म्हणाले, "मैं तो बाहरइच बैठा था।"

एवढंच. आवाज चढवला नाही. लिहून झाल्यावर शाई टिपली आणि दाखला तुमच्या हातात न देता माझ्या हातात दिला. "दिल लगा के पढ़ना, बेटी." मला त्या माणसाच्या पाया पडायचं होतं. तुम्ही तोवर बाहेर जाऊन बैल जुंपत होतात.

परतीच्या वाटेवर तुम्ही बैलांवरच नजर ठेवून होतात. आता बोलतील, असं मला वाटत होतं. आज ऐकून घेणारं दुसरं कोणी नाही, आता तरी बोलतील. तुम्ही म्हणालात, "म्हातारा झालाय त्यो. डोकं ठिकानावर न्हाई त्याचं."

माझा तोल गेला. "ते खरं बोलले, आबा. मायनं मला दोनदा तुमच्याकडं धाडलं व्हतं. मी दोनदा आलते."

तुम्ही बैल थांबवलेत. मागे वळून बघितलंत. तुमच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही कचेरीत एखाद्या अडलेल्या कुळाशी बोलावं तसं थंडपणे विचारलंत, "डागदरीन व्हायचंय का न्हाई तुला?"

"व्हायचंय."

"मग हे पुन्यांदा तोंडातून काढू नको."

आणि बैलांना हाकललंत. आबा, त्या क्षणाचा राग माझा आजही उतरलेला नाही. ओसरीवरच्या त्या दिवसाला मी एक वेळ समजून घेईन. घाबरलेला माणूस, चार लोकांत वाढलेला, अब्रूच्या धाकात. पण त्या दुपारी छकड्यात तुम्ही घाबरलेले नव्हतात. माझी ओढ तुम्हाला ठाऊक होती आणि ती तुम्ही माझ्याच तोंडात बोळ्यासारखी कोंबलीत.

पुढचे दिवस तुम्ही पूर्वीसारखेच उत्साहात. पत्र्याची पेटी आली, तिच्यावर रंगाऱ्याकडून माझं नाव मराठीत आणि उर्दूत काढून घेतलंत. लांब बाह्यांची पोलकी शिवून आली. आत्यानं नारायणगडावर नेऊन माझ्या कपाळाला अंगारा लावला, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. शहागडला गोदावरीला पूर होता. नावेत पेटी भिजू नये म्हणून तुम्ही ती मांडीवर घेतलीत, आणि स्वतः कमरेपर्यंत भिजलात. जालन्याला आगगाडीत चढताना माझा पदर दारात अडकू नये म्हणून तो हातात धरलात. हे सगळं मला आठवतं. तुम्हाला वाटेल, हे आठवलं की राग निवत असेल. निवत नाही, वाढतो. इतकी माया करता येत होती, तर ती त्या दिवशी कुठं होती? हैदराबादला मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी तुम्ही म्हणालात, "पत्र उर्दूत लिहीत जा, सराव ऱ्हाईल." निदान आता तरी मायबद्दल काही बोलाल म्हणून मी वाट बघितली. तुम्ही डोईचा रुमाल सावरलात आणि निघालात.

मी उर्दूतच लिहीत राहिले. तिसऱ्या वर्षाला असताना आत्यानं कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं, आबाचं पोट लई दुखायलंय, लवकर ये. मी मिळेल त्या गाडीनं निघाले. घरी पोचले तेव्हा तुमची राख सावडून झाली होती. जुना अंतर्गळ, आतडं अडकलं होतं. बीडला वेळेवर नेलं असतं तर कापून मोकळं करता आलं असतं. मी आत्यावर ओरडले, "कावून नेलं न्हाई?" ती भिंतीला टेकून बसली होती. "आगं, छकडा जुपला व्हता. समद्यांनी हातापाया पडून सांगितलं. पर त्येंचं एकच. माजी पोरगी यिऊ द्या, तिचाच हात लागंल. दुसऱ्या कुनाला जवळ यिऊ देइनात."

तिसऱ्या वर्षाची पोर, आबा. तोवर मी मेलेल्यांचीच पोटं उघडली होती. मी वेळेवर पोचले असते तरी तुमच्यासाठी काही करू शकले नसते, आणि हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं. माय तुमच्या हट्टानं गेली आणि तुम्हीही हट्टानंच गेलात, आणि जाताना ते ओझं माझ्या डोक्यावर ठेवून गेलात. पुढे याच जिल्ह्यात मी आयुष्यभर बाळंतपणं केली. उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिलेल्या किती नवऱ्यांना, सासऱ्यांना मी ढकलून आत गेले. त्यांना दिलेल्या शिव्या खरं तर तुमच्यासाठी होत्या.

कागद संपत आला. उद्या सकाळी हे सगळं बंबात जाईल आणि त्यावर अंघोळीचं पाणी तापेल. तेव्हा एक सांगून टाकते. आत्यानं तुमचे ते शब्द सांगितले, तेव्हा मी रागानं थरथरत होते आणि त्याच वेळी माझी छाती अभिमानानं भरून आली होती. आजही ते शब्द आठवले की ती तशीच भरून येते, आणि मला तुमचा सगळ्यात जास्त राग येतो तो त्याचाच.