दादाचा डबा परत आला

प्रिय आई,

उद्या नाताळ. तू नसलेला पहिला. निम्म्या करंज्या तेलात फुटल्या, पण पत्र त्यासाठी नाही. दादाला पाठवलेला फराळाचा डबा आज दुपारी परत आला. डिलिव्हरीवाला दारात उभा, "मॅडम, साहब ने लिया नहीं." तेव्हापासून घरभर येरझाऱ्या घालते आहे. कुणाशी बोलू? तुझ्याशीच!

सकाळी चर्चमध्ये मुलांना शिकवत होते, जगाच्या तारणासाठी देव माणूस झाला वगैरे. साळव्यांची छोटी मध्येच म्हणाली, "दीदी, गॉडने एंजलला पाठवायचं ना! खुद क्यों आना?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं, आपल्या पापांसाठी. ती खेळायला पळाली. मला मात्र चैन नाही.

तू काय सांगितलं असतंस? तू सांगायचीसच कुठे! दारूपायी दादाची सरकारी नोकरी गेली, तो दिल्लीतच करोल बागेतल्या खोलीत एकटा राहू लागला, आणि दर रविवारी उपासना संपली की तू द्वारकेहून मेट्रोनं त्याला जेवायला आणायला जायचीस. चार मजले चढून, त्या गुडघ्यांनी! मी चिडायचे. "आई, फोन कर ना. तो काय लहान आहे?" चपला शोधत तू म्हणायचीस, "फोनवर तो ठीकच असतो गं. गेल्यावर कळतं."

आणि सुटली का त्याची दारू? नाही! तू जाऊन काय साधलं? देव येऊन तरी काय साधलं, जग आहे तिथंच आहे, असं मी एकदा तावातावानं विचारलं होतं. तू भात वाढत म्हणालीस, "रविवारी तो दाढी करून बसतो, बिल्कुल तयार. वाट बघायला कुणीतरी आहे ना त्याला." मला ते उत्तरच वाटलं नव्हतं.

मला एकदा तरी सोबत ओढत न्यायचं होतंस, आई! अजून मी त्याचं दार पाहिलेलं नाही.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. तुला माती दिली त्या दिवशी कब्रस्तानाच्या फाटकाशी मी त्याला म्हणाले, "तुझ्यामुळे गेली ती. आता घरी येऊ नकोस." त्या दिवशीही तो दाढी करून आला होता.

त्यानंतर नऊ महिने मी त्याला साधा फोन केला नाही. आज मोबाइलवर पत्ता टाकला, डबा रवाना केला, आणि वर स्वतःला चांगली बहीण समजले! लाज वाटते गं.

देवाला काही माफी मागायची नव्हती, तरी तो स्वतः आला. मला तर मागायची आहे!

उद्या उपासनेआधी मी जाते. तो प्यायलेला असो, शिव्या देवो. त्याला सुधारायला जाणार नाही, एवढं वचन घे. दार उघडलं तर समोर उभी राहून माफी मागेन. नाही उघडलं तर बंद दाराशी मागेन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जाईन.

तुझी भांडखोर,
रूथ