मेणबत्ती विझल्यावरचं पाणी

८ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा आमचं विज्ञानशिक्षकांचं संमेलन झालं. नोकरीला सातच महिने झालेली मी गळ्यात ओळखपत्र अडकवून सकाळभर मिरवले. जेवणाआधी एका प्राध्यापिकाबाईंनी आपण वर्गात करतो तोच नेहमीचा प्रयोग मांडला. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. मेणबत्ती विझली, पाणी ग्लासात चढलं. त्यांनी कारण विचारलं आणि सगळ्यांच्या आधी मीच उठून सांगितलं की ऑक्सिजन संपतो, त्याची जागा पाणी घेतं. तू मला शिकवलेलं, मी वर्गाला शिकवलेलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्या. ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी कितीतरी जास्त चढलं. मग म्हणाल्या की ज्योतीने तापून फुगलेली हवा विझल्यावर निवते, आकसते, आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. मुख्य कारण हे. खाली बसताना मला खुर्ची सापडेना.

पण मनाला लागलंय ते वेगळंच. माझ्या वर्गात एक मुलगी होती, सगळे तिला शंकासुर म्हणायचे. नोव्हेंबरात तिने विचारलं होतं की मेणबत्ती जळत असताना पाणी गप्प बसतं आणि विझल्यावरच का धावतं. मला उत्तर येत नव्हतं. फाजील शहाणपणा नको म्हणून मी तिला तासभर उभं केलं. वर्ग हसला. त्यानंतर तिने हात कधी वर केला नाही. गेल्या आठवड्यात तिच्या वडिलांची बदली झाली, ती शाळा सोडून गेली. आता काय करू?

रागाव, पण पत्र पाठव.
तुझी,
ठकू

१५ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि ओट्यावर मेणबत्त्या मांडून बसले. एकतीस वर्षं हे शिकवलं, पण दुसरी मेणबत्ती लावून बघायचं एकदाही सुचलं नाही. विझल्यावर धावणारं पाणी मला दिसायचं गं. दिसलं की मी फळ्याकडे वळायचे.

चुकीचं उत्तर तुला मी दिलं, पण त्या मुलीला उभं तू केलंस. ते ओझं मला वाटून घेता येणार नाही. आधी वर्गापुढे कबूल कर. मग कार्यालयातून तिचा नवा पत्ता काढ आणि लिही. कारणं देत बसू नकोस. संमेलनात आगाऊपणे पहिली उठलीस ना, तशीच आता ऊठ.

माया आहे तशीच आहे.
तुझी आत्या

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वर्गात तीन मेणबत्त्या लावल्या आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. मग एकीने विचारलं, आधीचं वहीतलं खोडायचं का. हो म्हटलं.

त्या मुलीलाही लिहिलं की तुझा प्रश्न बरोबर होता, चुकले मी. काल उत्तर आलं. नीटनेटकं अक्षर, आधी माझ्या तब्येतीची चौकशी. रागाचा एक शब्द नाही. लिहिते की नव्या शाळेत परीक्षेला ग्लासात पाणी का चढतं हा प्रश्न आला होता. माझं पत्र तोवर पोचलं नव्हतं. तिने मी शिकवलेलं उत्तर लिहिलं आणि पूर्ण गुण मिळाले. तासाला मधेच काही विचारायची खोडही आता मोडली आहे, म्हणून तिकडच्या बाई तिच्यावर खूश आहेत. या दोन्हींसाठी तिने माझे आभार मानलेत.

तुझी माया राहू दे, आत्या. मला ती हवी आहे.
ठकू