टपालवाल्याने दार वाजवलं, त्यापुढचं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय रफूकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, चष्मा लावून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. काल मी एका काळ्या कोटावरचं जळकं भोक असं बुजवलं की ते कुठे होतं हे गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवावं लागलं. याहून वेगळा दाखला डॉक्टरांकडून आणायची मला गरज वाटत नाही. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचं दडपण नाही. आणून पाहिलं गेलं, पण ते चाललं नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. थोरल्या मुलाने दोनदा छापील कागद आणून दिला होता, मी फक्त सही करायची होती. ते दोन्ही कागद मी दोऱ्याची रिळं गुंडाळायला वापरले.

कलम पहिलं. माझं राहतं घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, गच्ची आणि खालचं दुकान, हे मला माझ्या वडिलांकडून आलं. माझ्या माघारी ते थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मं निम्मं जावं. विकायचं असेल तर खुशाल विकावं, मात्र मी गेल्यावर सहा महिने विकू नये. गेल्या महिन्यात एक दलाल येऊन जिना मोजून गेला. मी वरच्या पायरीवर वाटाणे सोलत बसले होते. "आजी, जरा पाय घ्या," म्हणाला आणि माझ्या पायाखालची पायरीही त्याने मोजली. थोरल्याला विचारलं तर म्हणतो, "आई, नुसता अंदाज घेतोय." तो अंदाज त्याने माझ्या माघारी घ्यावा.

कलम दुसरं. बँकेतली ठेव धाकटीला. ती दूर असते, पण मी ठेवेपर्यंत फोन ठेवत नाही.

कलम तिसरं. जिन्याखालची स्कूटर थोरल्याला. ती चालत नाही. ती माझ्या नवऱ्याची, आणि तिच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

आमचे हे बसच्या डेपोत टाइमकीपर होते. गाड्या वेळेवर सोडण्यात त्यांची तेहतीस वर्षं गेली आणि ती सवय डेपोत ठेवून येणं त्यांना कधी जमलं नाही. दर रविवारी दुपारी ते मला सिनेमाला न्यायचे. त्याबद्दल तक्रार नाही, तिकीट चांगल्या जागेचं काढायचे, मध्यंतरात न मागता चहा आणायचे. पण पडद्यावर शेवट जवळ आला की यांचं मनगट वर जायचं आणि माझ्या कोपराला धक्का बसायचा. "चल. संपलंच आता." कारण काय, तर थिएटरच्या स्टँडवरच्या सगळ्या गाड्या एकदम निघतात आणि आपली स्कूटर आत अडकते. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी थिएटरात बसून एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. एकदाही नाही. खुनी कोण ते कळायच्या आत आम्ही पेट्रोल पंपाशी पोचलेलो असायचो.

एकदाच मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. सिनेमा टपालवाल्याचा होता. एका बाईच्या नावाचं पत्र घेऊन तो वर्षानुवर्षं तिचा बदललेला पत्ता शोधत फिरतो, आणि शेवटी एका दारापाशी येऊन दार वाजवतो. तेवढ्यात धक्का बसला. मी म्हटलं, "पाच मिनिटं." हे सरळ उभे राहिले. मागून लोक म्हणायला लागले, "बसा की राव, डोकं दिसतंय." हे बसेनात. शेवटी लाजेने मीच उठले. वाटेत विचारलं, "शेवट बघायला काय हरकत असते तुमची?" तर म्हणाले, "त्यात बघायचंय काय? व्हायचं ते सगळं तोवर होऊन गेलेलं असतं." ते वाक्य मला आजही टोचतं.

कलम चौथं. यात वाटणी कसली नाही, पण पुढचं कळायला हवं म्हणून लिहिते.

थिएटरची तिकीट खिडकी सांभाळणारी बाई माझी मैत्रीण. सगळे तिला खिडकीवालीच म्हणतात, आता थिएटरच्या जागी फर्निचरचं दुकान झालं तरी. सोमवारी तिला सुट्टी असायची. कपड्याचं काही ना काही काम काढून ती दुकानात यायची आणि मी विचारायच्या आत राहिलेला शेवट सांगायची. टपालवाल्याचा तिने असा सांगितला: दार उघडतं, ती बाई पत्र हातात घेते, त्याच्याकडे बघते आणि म्हणते, आता आलाच आहात तर बसा. तो टोपी काढून बसतो. हा शेवट मी बावीस वर्षं जपला. हाताखाली एखादं अवघड काम असलं की तो टोपी कशी काढत असेल ते डोळ्यापुढे आणायचे.

मग हे आजारी पडले. दवाखान्यात अकरा दिवस मी यांच्या उशाशी होते. बाराव्या दिवशी दुपारी थोरला म्हणाला, "आई, चल. आज काही होत नाही. आत्ता निघालो तर ऑफिसं सुटायच्या आत पोचू, आंघोळ करून सकाळी ये." मी म्हटलं, बसते अजून. त्याने माझी पिशवी उचलली होती. वीस मिनिटांत घरी पोचलो. तो खूश झाला. "बघ, एरवी तास लागतो," असं म्हणतोय तोवर त्याचा फोन वाजला.

शांतपणे गेले, असं मला सगळ्यांनी सांगितलं. थोरल्याने सांगितलं, जो माझ्याबरोबर गाडीत होता. डॉक्टरांनी सांगितलं, जे दुसऱ्या मजल्यावर होते. पंधरा दिवसांनी मी वॉर्डातल्या आयाबाईंना गाठलं. त्या तिथे होत्या. म्हटलं, "मला खरं काय ते सांगा." त्या म्हणाल्या, "शांत कुठले. धाप लागली होती. तुम्हाला शोधत होते. गेली का, म्हणाले. मी म्हटलं, आत्ताच खाली उतरल्या, बोलावू का? तर हात हलवून नको म्हणाले. म्हणाले, बरं झालं, गर्दीच्या आत निघाली."

मला रडू आलं नाही. असा संताप आला की आयाबाई घाबरून पाणी आणायला गेल्या. बोलावू का विचारलं होतं. मी जिन्यात होते.

त्यानंतर जीव रमावा म्हणून थोरल्याने भिंतीवरचा मोठा टीव्ही आणून दिला. त्यावर जुने सिनेमे मिळतात. मी एकेक लावून राहिलेले शेवट बघायला लागले. पहिला टपालवाल्याचाच लावला. दार उघडत नाही. तो पत्र फटीतून आत सरकवतो आणि निघून जातो. मग खोली आतून दिसते. फटीखाली पत्रांचा ढीग, आणि कोणी नाही. बाई केव्हाच वारलेली. बराच वेळ नुसता तो ढीग दिसत राहतो.

मी तशीच चप्पल घालून खिडकीवालीकडे गेले.

"ती बाई मेलेली असते," मी म्हटलं.

"कोण बाई?"

"टपालवाल्याची. तू सांगितलंस, बसा म्हणते."

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी कुठे बघितला होता? त्या वेळी पुढच्या खेळाची रांग माझ्या खिडकीवर असायची. भिंतीतून आवाज यायचा आणि बाहेर पडणाऱ्यांची तोंडं दिसायची. त्यावरून जुळवायचे."

"म्हणजे सगळेच?"

"सगळेच."

"त्या दिवशी लोक रडत बाहेर पडले असतील ना?"

"पडले होते."

"मग?"

"तू मधूनच बाहेर यायचीस तेव्हा तुझं तोंडही काही फार बरं नसायचं. त्यात मी कशाला भर घालू?"

मी तिला म्हटलं, मला कोणाची कीव नको होती, शेवट हवा होता. याशिवायही बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. त्याला सहा वर्षं झाली. आम्ही बोलत नाही. समोरासमोर आलो तर ती पिशवीत काहीतरी शोधते आणि मी रस्ता ओलांडते.

कलम पाचवं. रफूच्या सुया, भिंग, लाकडी गोळा, दिवा आणि कामाचं टेबल सूनबाईला. मुलीला वाईट वाटू नये, तिला सुईत दोरा ओवता येत नाही. सूनबाई मागे एकदा माझ्याबरोबर सिनेमा बघायला बसली. टांगेवाल्याचा होता. त्याचा घोडा विकला जातो, आणि शेवटी तो बाजारातून एकटाच चालत घरी येतो. बोलणं नाही, संगीत नाही. फक्त वळण आलं की तोंडाने टक् टक् करतो, घोड्याला करतात तसं, आणि मग स्वतःच वळतो. एवढंच. सूनबाईचा फोन दोनदा वाजला, तिने उचलला नाही. पडद्यावरची नावं संपल्यावर म्हणाली, "आई, त्याच्या लक्षातही आलं नाही ना, आपण आवाज केला ते?" तेव्हाच मी ठरवलं, सुया हिला.

आता एवढे शेवट बघून झाल्यावर मला जे वाटतं ते लिहिते, कारण विचारणारं कोणी नाही. ज्यात सगळे दात दाखवत एका ओळीत उभे राहतात तो शेवट टीव्ही बंद करेपर्यंत विसरतो. गोष्ट संपल्यावर माणूस जे काही बारीकसं करतो, ते दाखवलं की शेवट राहतो. ढीग राहतो, टक् टक् राहते. पण खिडकीवालीने रचलेली ती टोपीही राहिलीच आहे. जाता जात नाही, आणि खऱ्यापुढे ती खोटी म्हणून टाकूनही देता येत नाही. या वयात हा ताप मला नको होता.

कलम सहावं. तो टीव्ही खिडकीवालीला द्यावा. भिंतीपलीकडे काय चाललं होतं ते तिने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. यात माया किती आणि राग किती ते मला विचारू नये.

कलम सातवं. मी दवाखान्यात असेन तेव्हा माझ्या माणसांनी वाहनांची गर्दी, जेवणाची वेळ किंवा दुसरी कुठलीही सबब सांगून उठून जाऊ नये. हा कागद तपासायला आलेले वकीलसाहेब म्हणतात, हे इथे बसत नाही, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. मी त्यांना सांगितलं, थोरला हे त्याआधीच उघडून वाचणार आहे, राहू द्या.

वरील सर्व मी वाचून पाहिलं आहे.

सही: रफूवाली
ठिकाण: दुकानाच्या वरची खोली
दिनांक: महिन्याची सतरा, शुक्रवार, दुपारचे तीन

साक्षीदार पहिला: समोरचा औषधवाला

पुरवणी, त्याच दिवशी, साडेचार वाजता. दुसरे साक्षीदार म्हणून चष्मेवाले येणार होते, ते आले नाहीत. जवळचं कोणी बघून आण म्हणून मी सूनबाईला पाठवलं, तर ती खिडकीवालीला घेऊन आली. सहा वर्षांनी ती माझ्या घरात उभी, आणि माझ्या हातात हा कागद. वकीलसाहेब म्हणाले, "यांना चालणार नाही. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष केली तर त्याचं मिळायचं बुडतं."

"मला काय ठेवलंय?" खिडकीवालीने त्यांना विचारलं.

"टीव्ही."

"तो कधी मिळणार?"

"या गेल्यावर."

तिने खुर्ची ओढली, बसली आणि वकीलसाहेबांबरोबर आलेल्या कारकुनाच्या खिशातलं पेन घेतलं. "कुठे करायची सही?"

वकीलसाहेबांनी पुन्हा समजावलं. ती म्हणाली, "ऐकलं मी. ही गेल्यावर एकटीने बसून काय बघू?" सही करून तिने पेन परत दिलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "उद्या दुपारी येते. टपालवाल्याचा लाव."

सबब कलम सहावं रद्द झालं, आणि टीव्ही कोणाचा हा प्रश्न परत माझ्या डोक्यावर आला. उद्याचं म्हणाल तर मी अजून हो म्हटलेलं नाही. दुपारचं गिऱ्हाईक तेवढं सकाळी यायला सांगितलं आहे.

सही: रफूवाली
साक्षीदार दुसरी: खिडकीवाली